शिडीवर चढण्याआधी

सोमवार, ३ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील, ते मला माहीत आहे. मागची पत्रंही तशीच पडली असतील. तरी लिहितो. फोन केला तर तू तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत येत नाहीस, मग मी दुसरं काय करू?

परवा तुझ्या बायकोचा आमच्या खालच्या किराणा दुकानात फोन आला होता. त्यावरून तिच्यावर डाफरू नकोस. तिने चुगली केली नाही, ती घाबरली होती एवढंच. म्हणाली, "दादा, हे लघवीला गेले की लवकर येत नाहीत, आणि आले की परत जातात. रात्रभर दार वाजतंय." हे सगळं ती भर दुकानातून बोलली. मी इकडे रिसीव्हर कानाला इतका दाबून धरला होता, की कान लाल झाला.

डॉक्टरांनी प्रोस्टेटची गाठ वाढली म्हणून सांगितलं, असं ती म्हणाली. त्याने घाबरू नकोस. ही गाठ वाईटातली नाही, मलाही आहे. म्हातारपणी पुरुषाचा हा नळ असा बिघडतोच. आपल्या बाबांचाही बिघडला असणार, पण ते कुणाला बोलले नाहीत आणि आपण विचारलं नाही.

पण गोळ्यांचं पाकीट तू फळीवर ठेवून दिलं आहेस, हे ऐकून माझं डोकं फिरलं. नाट्यगृहाच्या दर्शनी भिंतीचं काम मिळालंय म्हणे. गोळीने लघवी सुटली तर सारखं शिडीवरून उतरावं लागेल, अशी तुला भीती आहे. ती भीती दुसऱ्या कुणाला कळणार नाही, मला कळते. मोठं अक्षर अर्धं रंगवून खाली उतरलं की रंगाची ओली कड सुकते, आणि मग कितीही हात फिरवा, जोड दिसतोच. म्हणून तर आपण दोघं दिवसदिवस धरून ठेवायचो. कदाचित त्याचंच हे फळ असेल. आमच्या इकडच्या डॉक्टरीणबाई नाही म्हणतात, पण त्या कधी शिडीवर चढल्या आहेत?

आता मोठा भाऊ म्हणून सांगतो ते ऐक. मी ही गोळी किती दिवस घेतोय. बाई रात्री घ्या म्हणाल्या होत्या, पण रात्री घेऊन काय उपयोग? काम दिवसा असतं. मी सकाळी उठल्या उठल्या घेतो, तासाभरात मोकळा होतो आणि मग नावाच्या पाट्या रंगवायला बसतो ते दुपारपर्यंत उठत नाही. तूही तसंच कर. सकाळी घे, पूर्ण मोकळा हो, मग चढ. आणि डॉक्टरांनी सांगितली असेल तरी ते अर्धी-अर्धी करत बसू नकोस. अर्धी गोळी म्हणजे अर्धं काम. डॉक्टर लोक बिचकत देतात. पाणी आदल्या संध्याकाळपासून कमी कर, ते तुला सांगायला नकोच.

माझ्या गोळ्या सध्या संपल्यात. औषधवाला उद्या येतील म्हणतो आणि त्याचा उद्या काही उजाडत नाही. जरा त्रास होतोय. पण माझं सोड.

शिडी खाली कोण धरतं? कुणीच धरत नसेल, तर वर दोरीने बांधून घेत जा. आपली गाठ मार.

दादा


गुरुवार, १३ फेब्रुवारी

धाकट्या,

मागचं पत्र फाडून टाक. उघडलं नसशील तर उघडूच नकोस, आधी हे वाच. अंथरुणात पडून लिहितोय म्हणून अक्षर असं आलंय, हसू नकोस.

मी आज पडलो. गोळ्या काल आल्या, आज सकाळी नेहमीसारखी पूर्ण गोळी घेतली. थोड्या वेळाने मोरीत उभा राहिलो, डोळ्यांपुढे आधी पिवळं आलं आणि मग काहीच नाही. भानावर आलो तेव्हा लेक माझं डोकं मांडीवर घेऊन ओरडत होती. कपाळ फुटलंय. दात शाबूत आहेत, म्हणजे होते तेवढे.

लेकीने रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आडवं झोपवून रक्तदाब घेतला, मग उभं करून घेतला आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मी त्यांचं काहीतरी चोरलंय.

"मध्ये किती दिवस बंद होती गोळी?"

"झाले असतील आठ-दहा."

"आणि आज एकदम पूर्ण घेतलीत. तीही सकाळी. मी कधी घ्यायला सांगितली होती?"

"रात्री."

"मग सकाळ कुठून आली?"

"सोयीची वाटली."

"आजोबा," त्या म्हणाल्या, "तुमची सोय रक्ताला कशी कळणार?"

लेक म्हणाली, "बाई, त्यांना ओरडा. माझं ऐकत नाहीत." मग बाई खरंच ओरडल्या, आणि नंतर खुर्ची जवळ ओढून मला समजेल असं सांगितलं. जसंच्या तसं तुला लिहितो.

ही गोळी गाठीजवळचे स्नायू सैल करते, म्हणून लघवीला वाट मिळते. पण तिला काय कळतंय कुठे थांबायचं? ती अंगातल्या रक्तवाहिन्याही सैल करते. माणूस उभा राहिला की रक्त पायात उतरतं, डोक्याला पुरत नाही आणि माणूस कोसळतो. सगळ्यात मोठा धोका पहिल्या गोळीला. म्हणून पहिली गोळी छोटी आणि रात्री, अंथरुणावर गेल्यावर. शरीराला सवय झाली की मग डॉक्टर वाढवतात. मला कसं काही झालं नाही, तर माझी सुरुवात रात्री, अर्ध्या गोळीनेच झाली होती. ते मी विसरून गेलो होतो. सकाळचं खूळ नंतरचं. आणि मध्ये काही दिवस खंड पडला, की सवय मोडते. मग पुन्हा पहिल्यापासून, तेही त्यांना विचारून. आपल्या मनाने पूर्ण घ्यायची नाही. हे मला माहीत नव्हतं, धाकट्या. मला वाटलं राहिली ती राहिली.

मी विचारलं, "बाई, समजा एखादा माणूस पहिलीच गोळी पूर्ण घेऊन, सकाळी, पाणी न पिता, उंच शिडीवर चढला, तर?"

त्या म्हणाल्या, "असा माणूस कोण आहे?"

मी म्हणालो, "कुणी नाही. सहज विचारलं."

त्या म्हणाल्या, पाणी कमी प्यायलं तर रक्तदाब आणखी उतरतो. सुरुवातीचे दिवस आणि गोळी वाढवल्यावर शिडी नको, गाडी चालवणं नको. तू रक्तदाबाचीही गोळी घेतोस ना? ते त्या लघवीच्या डॉक्टरांना सांगितलंस का? नसशील सांगितलं. तू कधी कुणाला काही सांगतोस? सांग. रात्री उठायचं झालं तर आधी काठावर बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. लघवीलाही बसूनच. घेरी आली तर आहे तिथे आडवं व्हायचं, लोक बघतात म्हणून तोल सावरत उभं राहायचं नाही. सर्दीची गोळी दुकानातून आपल्या मनाने आणायची नाही, काही गोळ्यांनी लघवी पार अडते. मोतीबिंदू काढायची वेळ आली तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी घेतो म्हणून आधी सांगायचं, पूर्वी घेत होतो आणि बंद केली तरी सांगायचं, नाहीतर ऑपरेशनच्या वेळी बुबुळ दगा देतं. "आणि ती दुसरी गोळी," त्या म्हणाल्या, "पुरुष चोरून घेतात ती, माझ्याशी बोलल्याशिवाय नाही." लेक शेजारीच उभी होती. मी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिलो.

घरी येऊन पडलो आणि एकदम तुला लिहिलेलं आठवलं. लेक नको म्हणत असताना जिना उतरून दुकानात गेलो आणि तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात फोन लावला. तो दुकानदार म्हणाला, "विचारून आलो. ते येत नाहीत म्हणतात. वहिनी कामावर गेल्यात. काही निरोप?" इकडे माझ्या मागे गिऱ्हाइकं उभी होती, शेजारच्या दोन बायका होत्या. लघवीचं कसं बोलू? मी म्हणालो, "त्याला म्हणावं, दादाचं पत्र वाच. जरूर वाच. आजच्या आज."

तो निरोप मिळाला म्हणूनच तू हे वाचतोयस, असं मी धरून चाललोय. तर आता उठ, फळीवरचं पाकीट घे आणि डॉक्टरांकडे जा. त्यांनी सांगितलं तसं कर. मी सांगितलं तसं करू नकोस. नाट्यगृहाची भिंत कुठे पळून जात नाही.

दादा


सोमवार, १७ फेब्रुवारी

धाकट्या,

आज आधी तार केली, मग हे लिहायला बसलो. "गोळी रात्री घे. शिडी नको. दादा." तारवाल्याने वाचून माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल, म्हातारा सटकलाय.

शनिवारी रात्री पडल्या पडल्या एक विचार आला आणि मी उठून बसलो. काठावर, पाय हलवत, बाईंनी सांगितलं तसा. मी दुकानदाराला म्हणालो, दादाचं पत्र वाच. कोणतं, ते म्हणालोच नाही. माझं दुसरं पत्र तेव्हा टपालातही पडलं नव्हतं. तुझ्याकडे पहिलंच होतं. म्हणजे तू माझा निरोप ऐकला असशील तर...

काल तुमच्या दुकानाचा फोन लावून लावून बोट दुखलं. नुसती खरखर. तार ऑफिस रविवारचं बंद. लेक म्हणाली, "बाबा, एवढं काय लिहिलंय त्या पत्रात?" मी परत जिन्याकडे निघालो. मग म्हणाली, "काकाने तुमचं पत्र उघडलं असेल असं तुम्हाला वाटतं तरी का? तुम्ही त्याच्या पोटावर पाय दिल्यासारखा तो वागतो."

ती तेव्हा लहान होती, तिला काय माहीत. मी तुझ्या पोटावर पाय दिला नव्हता. त्या पाटीवर तू रंगवलेली ओळ उजवीकडे उतरत होती, धाकट्या. मी आजही तेच म्हणेन. गिऱ्हाईक खाली उभं होतं, उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं, मी तुला खाली उतरवलं, वर चढलो आणि फडक्याला टर्पेंटाइन लावून ओळ पुसली. शिडी धरणाऱ्याला खालून जे दिसतं ते वर चढलेल्याला दिसत नाही. तू परत वर चढला नाहीस. ब्रश धुतलेस, कागदात गुंडाळलेस आणि निघून गेलास. मला वाटलं चहाला गेलास. मी खाली उतरून शिडी धरून उभाच.

त्याआधी मात्र तू माझं सगळं ऐकायचास. कोणत्या रंगात किती तेल, कुठे उभं राहायचं, कोणती मुलगी बघायला जायचं, सगळं. लोक हसायचे. म्हणायचे, धाकट्याला शिंक आली तरी दादाकडे बघतो.

आज पहिल्यांदा वाटतंय की तुझा राग अजून तसाच असू दे. पाकीट न उघडता तू चुलीत घातलेलं असू दे. माझं नाव ऐकून थुंकलेला असू दे. भिंतीवर शेवटचं अक्षर पुरं करून तू खाली उतरला असशील आणि हे वाचून म्हणत असशील, या म्हाताऱ्याला कुणी सांगितलं होतं माझी काळजी करायला! तेवढी एक ओळ लिहून पाठव. शिवी लिहिलीस तरी चालेल.

दादा


गुरुवार, २० फेब्रुवारी

धाकटे,

धाकट्याची बायको असून तुला मी कधी पत्र लिहिलं नाही, म्हणून सुरुवात कशी करावी ते सुचत नाही. हे पत्र टपालाने येत नाही. लेक उद्या सकाळच्या गाडीने निघेल आणि तुझ्या हातात देईल. मलाच यायचं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवडाभर प्रवास केलात तर वाटेत पडाल आणि मग दोन खाटा लागतील.

काल फोनवर तू एवढं सांगितलंस, आणि मी नुसतं हं, हं करत राहिलो. तुला वाटलं असेल, याला दुःख आहे की नाही. तू म्हणालीस, शनिवारी सकाळी ते शिडीवरून पडले. कमरेचं हाड मोडलंय, पाठीलाही मार आहे, पाय हलत नाहीत. डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. लघवीला नळी घातली आहे. मी हं म्हणालो. मग तू म्हणालीस, "दादा, एक मात्र चांगलं झालं. तुमचा निरोप आला आणि त्यांनी पत्र उघडलं. इतक्या वर्षांनी. खुर्चीत बसून दोनदा वाचलं. हसले. मला म्हणाले, दादाला पण हेच आहे गं. शनिवारी सकाळी फळीवरचं पाकीट स्वतः काढलं."

मी विचारलं, "पत्र कोणतं? या महिन्यात तोवर दोन पाठवली होती."

तू म्हणालीस, "तेव्हा एकच होतं. दुसरं ते पडले त्या दिवशी दुपारी आलं. कुणाला सुचतंय. बंदच आहे. उघडू का?"

आणि मी म्हणालो, नको, राहू दे. तार मिळाली का, तेही विचारलं नाही.

हे मी काल म्हणालो, धाकटे. सगळं कळलेलं असताना. रिसीव्हर ठेवला, वर आलो आणि लेकीने वाढलेलं जेवलोसुद्धा. मग आठवलं, तू बोलण्याच्या ओघात म्हणाली होतीस की डॉक्टरांनी कसे पडलात विचारलं, तेव्हा हे म्हणाले, शिडी सरकली. आणि तुला म्हणाले, गोळीचं काही बोलू नकोस, दादाच्या जिवाला लागेल.

शिडी सरकली नाही. तो वर दोरी बांधल्याशिवाय हातात ब्रश घेत नाही. ती गाठ मी त्याला शिकवली आहे. शिडी अजून भिंतीला असेल तर कुणाला तरी बघून यायला सांग. ती जिथल्या तिथे असेल. तो चक्कर येऊन पडला. मी सांगितल्याप्रमाणे पहिलीच गोळी पूर्ण घेऊन, सकाळी, रात्रभर पाणी न पिता चढला. माझं पहिलं पत्र त्याच्याकडे आहे, त्यात सगळं माझ्या अक्षरात लिहिलंय.

आता हे का सांगतोय ते नीट ऐक. नुसतं रडायला म्हणून सांगत नाही. आज ना उद्या ते नळी काढतील. नळी काढायच्या आधी किंवा नंतर लघवी सुटावी म्हणून त्याला पुन्हा हीच गोळी देतील. त्यांना वाटतंय शिडी सरकली, म्हणजे गोळीचा काही दोष नाही. शिवाय रक्तदाबाची गोळी तो घेतो, हे त्याने त्यांना सांगितलं नसेल. पुन्हा तसंच झालं, कुणी त्याला पहिल्यांदा उभं करायला गेलं आणि तो मोडक्या कमरेवर कोसळला, तर मग काही उरणार नाही. गोळी वाईट नाही, धाकटे. मी कालच पुन्हा अर्धीने सुरू केली आहे, रात्री, बाईंना विचारून. पण तिला द्यायची रीत आहे, आणि ती रीत डॉक्टरांनी ठरवायची आहे. त्यासाठी त्यांना खरं कळायला हवं.

मघाशी खाली जाऊन तुमच्या दुकानाचा फोन लावला. आज लागला. तुला बोलवायला सांगितलं, तर तू दवाखान्यात. दुकानदार म्हणाला, "निरोप सांगा." माझ्या मागे तशीच रांग होती. आज मी सांगितलं, आणि त्याला नीट ऐकू यावं म्हणून मोठ्याने सांगितलं: "लघवीच्या गोळीने चक्कर येऊन पडलाय, शिडी सरकली नाही, असं डॉक्टरांना सांगा. गोळी सकाळी घेतली होती. पूर्ण घेतली होती. पहिलीच होती." दुकानात सगळे माझ्याकडे वळले. मला वाटलं आता हसतील. मागचा एक माणूस, शिकलेला दिसत होता, जवळ येऊन हळूच म्हणाला, "आजोबा, ती गोळी रात्री घ्यायची असते का? मी पण सकाळीच घेतो." शेजारची एक बाई म्हणाली, "आमच्या ह्यांची कुठली आहे बघायला पाहिजे." धाकटे, एवढंच होतं ते. एवढंसं बोलायला मी गेल्या गुरुवारी लाजलो.

तो निरोप तुला कदाचित मिळाला असेल, कदाचित नाही. निरोपांवर माझा आता भरवसा नाही, म्हणून लेकीला पाठवतोय. ती दोन्ही पत्रं घेऊन डॉक्टरांपुढे बसेल आणि वाचून दाखवेल. बंद आहे ते उघड, त्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं आहे. तो अडवेल. पहिलं पत्र उशीखाली सरकवेल, देणार नाही, म्हणेल हरवलं. त्याचं ऐकू नकोस. चिडला तर चिडू दे, तोंड फिरवलं तर फिरवू दे, मला त्याची सवय आहे.

त्याला एवढंच विचार, मी आलो तर भेटेल का. नाही म्हणाला तरी मी येणार आहे, पण विचार.

आणि डॉक्टर विचारतील, सकाळी घ्यायला कुणी सांगितलं? तेव्हा माझं नाव सांग. नुसतं नाव सांगू नकोस, नातंही सांग, म्हणजे त्याने का ऐकलं, ते त्यांना कळेल.

दादा